हजेरी आणि ओळख
(नागरा येथे केलेले भाषण)



मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे शाळा बंद झाल्या आणि वर्ग मोबाईलच्या पडद्यावर भरू लागले. या पडद्यावरील नावांच्या यादीचे चित्र घेतले, की अक्षरे ओळखणारी संगणकप्रणाली ती वाचते, हजेरीपटाशी ताडून पाहते व हजेरी मांडते. देवनागरीही ती वाचू शकते. शिक्षकांचा वेळ वाचतो, हे खरेच.

परंतु ज्या घरी एकच फोन, तेथे नाव दिसते वडिलांचे आणि शिकतात दोन भावंडे. यंत्राच्या लेखी दोघेही गैरहजर! म्हणून फोनवर मुलांची नावे व हजेरी क्रमांक लिहवून घ्यावेत. गैरहजेरी कायम करण्यापूर्वी घरी चौकशी करावी. यंत्र अक्षर वाचते; मूल ओळखणे हे आपलेच कर्तव्य आहे.