जमीन द्यायची, पण नाव लावायचं नाही

फलकावर विषय होता 'नव्या शेतकऱ्याला जमीन कशी मिळेल?' रायगड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावची वसंत व्याख्यानमाला. पुढच्या खुर्च्यांवर पेन्शनर, मागे कृषी पदविकेची काही मुलं. महसूल खात्यातून निवृत्त झालेल्या वक्त्यांनी सुरुवातीलाच सांगून टाकलं, की आपल्याकडे सांगण्यासारखं एकच आहे : कसणाऱ्याचं नाव कागदावर यावं आणि त्यापायी मालकाचं नाव जाऊ नये. बाकी सगळं पाल्हाळ.

पाल्हाळ मात्र त्यांनी मनसोक्त लावलं.

1948 चा कूळ कायदा, कसणारी कुळं मालक ठरली तो 1 एप्रिल 1957 चा कृषक दिन, त्यांनी भरायची 32-ग ची किंमत... "हे तुमच्या घराघरांत झालंय, मी काय सांगणार!" म्हणत त्यांनी तो इतिहास दोन मिनिटांत उरकला. हशा झाला. पुढच्या रांगेत ज्यांच्या जमिनी गेल्या तेही होते आणि ज्यांना मिळाल्या तेही. दोघांचं हसू एका जातीचं नव्हतं.

वक्त्यांना रस होता तो त्यानंतर काय झालं यात. दुसऱ्याची जमीन कायदेशीरपणे कसणारा माणूस घरचा किंवा मजूर नसेल, तर कलम 4 त्याला कूळ मानतं. कृषक दिनानंतर लागलेल्या कुळालाही कलम 32-ओ खाली वर्षाच्या आत जमीन विकत मागता येते. म्हणून शेत वाट्याने दिलं तरी व्यवहार तोंडी, आणि साल-दोन सालांत वाटेकरी बदलायचा. पीकविम्यासाठी नोंदणीकृत भाडेकरार लागतो, पीएम-किसानला स्वतःच्या नावची जमीन. वाटेकऱ्याकडे दोन्ही नाही. पुढच्या सालाची खात्री नसताना शेणखत कोण घालेल, बांध कोण धरेल? आंब्याची बाग मात्र कराराने बिनघोर जाते, कारण सौदा फळांचा असतो.

"म्हणजे कूळ कायदा चुकला म्हणता?" मधल्या रांगेतून आवाज आला.

वक्ते चमकले. "असं मी कुठं म्हटलं?" पाण्याचा पेला रिकामा झाला आणि गाडी थेट चरीला पोहोचली. अलिबागजवळच्या चरीत 1933 साली नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली खोतांच्या, म्हणजे वसुली करणाऱ्या वतनदार जमीनदारांच्या, जमिनी न कसण्याचा निर्धार झाला आणि संप सहा वर्षं चालला. भाताची खाचरं पडीक, घरात दाणा नाही, कुळं जंगलातला लाकूडफाटा विकून दिवस काढताहेत. बाबासाहेब आंबेडकरांनी 17 सप्टेंबर 1937 ला मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. 1939 मध्ये महसूलमंत्री मोरारजी देसाई स्वतः चरीत आले. वक्त्यांचा आवाज इथे चढला, सभागृह सरसावून बसलं, आणि मूळ विषय बराच वेळ कुणालाच आठवला नाही. परतताना त्यांनी आपला खुंटा तिथेच ठोकला : कसूनही कागदावर नाव नाही, हेच चरीच्या कुळांचं दुखणं होतं. आजच्या वाटेकऱ्याचंही तेच आहे. फरक एवढाच, की तेव्हाच्या खोताला जमीन जाण्याची भीती नव्हती, आजच्या दोन एकरवाल्याला आहे. 1970-71 मध्ये महाराष्ट्रातलं सरासरी खातं 4.28 हेक्टरचं होतं, 2015-16 मध्ये 1.34. एवढ्याशा तुकड्याच्या मालकाला जमीनदार कसं म्हणायचं?

एवढ्यात अध्यक्षांची चिठ्ठी आली. चिठ्ठी न वाचताच खिशात गेली, पण वेग वाढला आणि इतरांनी यावर काय केलं त्याची यादी सुरू झाली.

आंध्र प्रदेशाने 2019 च्या कायद्याने अकरा महिन्यांचा करार आणि कसणाऱ्याला ओळखपत्र दिलं. मालकी हक्काला धक्का नाही. नीती आयोगाने 2016 मध्ये भाडेपट्ट्याच्या आदर्श कायद्याचा मसुदा केलाच होता. केरळात कायद्याने बंदी असूनही कुटुंबश्री या सरकारी योजनेतल्या बायका गट करून खंडाने शेती करतात. फ्रान्समध्ये शेत विकायला निघालं की 'साफेर' या संस्थेला आधी कळवावं लागतं. ती स्वतः घेऊन नव्या शेतकऱ्याला देऊ शकते. तिथलीच 2003 सालची 'तेर द लियां' लोकांकडून भागभांडवल गोळा करून शेतं विकत घेते आणि तरुणांना पट्ट्याने देते. "यावर खरं तर वेगळं व्याख्यान हवं," असं वक्ते म्हणाले तेव्हा आयोजकांनी घाईघाईने माना डोलावल्या.

चालू शेत नव्या हाती सोपवायचं कसं, हा फलकावरचा अर्धा विषय राहूनच गेला. विहिरीचं पाणी कुणाच्या पाळीचं, वाट कुणाच्या बांधावरून, हे सातबारावर क्वचितच सापडतं. म्हाताऱ्या मालकाने नव्या माणसासोबत एक-दोन पावसाळे काढायला हवेत, एवढं एकच वाक्य या अर्ध्या विषयाच्या वाट्याला आलं. ते संध्याकाळभरातलं सर्वांत कामाचं वाक्य होतं.

प्रश्नांना पाच मिनिटं. मागचा एक मुलगा उठला. "सर, आमच्या घरात सातबाराच नाही. तुमच्या कागदावर माझं नाव लागेल का?"

वक्ते क्षणभर थांबले. कलम 63 प्रमाणे बिगरशेतकऱ्याला जमीन विकता तर येत नाहीच, पट्ट्यानेही देता येत नाही; त्यासाठी कलेक्टरची परवानगी लागते, असं त्यांना सांगावं लागलं. "म्हणजे पहिला अर्ज तिकडे," ते म्हणाले.

"आणि परवानगी मिळेपर्यंत?"

आभारप्रदर्शन करणारे माइकपाशी येऊन उभे होते.