थट्टा कुठे संपते, छळ कुठे सुरू होतो

(वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात झालेले भाषण)



पोरं शिकली पाहिजेत, हे आता आपल्या वस्तीत कोणाला पटवून द्यावे लागत नाही. गावातून यवतमाळला, यवतमाळातून नागपूर, पुणे, मुंबईला आपली मुले-मुली जात आहेत. पण शिकायला पाठवलेल्या लेकरावर वर्गात आणि होस्टेलात काय गुजरते, यावर आपण फार कमी बोलतो. म्हणून आज आम्ही छळ हा विषय घेतला आहे.

पोरं म्हटली की चेष्टा-मस्करी आलीच. मग थट्टा कोणती आणि छळ कोणता? आमची कसोटी साधी आहे. थट्टेत आज हा हसतो, उद्या तो हसतो, आणि एखाद्याला लागले की बाकीचे थांबतात. छळात हसणारे तेच, रडणारा तोच, आणि त्याला लागते म्हणूनच पुन्हा पुन्हा केले जाते. करणाऱ्याच्या हाती कसले ना कसले बळ असते. वयाचे, टोळीचे, पैशाचे, वरच्या वर्गाचे किंवा जातीचे. त्यासाठी मारहाणच व्हावी लागते असे नाही. डबा खाताना एकट्याला बाजूला टाकणे, टोपणनाव पाडणे, मोबाइलच्या ग्रुपवर फोटो टाकून खिदळणे, 'प्रवेश कोणत्या कोट्यातून?' असे चारचौघांत विचारणे, हाही छळच.

आपल्याला हे नवे नाही. साताऱ्याच्या शाळेत बाबासाहेबांना वेगळे तरटावर बसावे लागे. ते तरट शाळेचा झाडूवाला नोकरही शिवत नसे, म्हणून रोज घरी न्यावे आणि रोज आणावे लागे. शिपाई नसला की तहान लागली तरी पाणी मिळत नसे. तेव्हा तो शाळेचा उघड नियम होता. आज संविधानामुळे तो नियम राहिला नाही, पण ती वृत्ती थट्टेचा मुखवटा घालून येते, आणि म्हणून ओळखायला अवघड जाते.

डॉ. पायल तडवी हे नाव आपण ऐकले असेल. जळगावची ही आदिवासी मुलगी मुंबईच्या नायर रुग्णालयात स्त्रीरोगशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेत होती. 22 मे 2019 रोजी तिने आपले जीवन संपवले. तीन वरिष्ठ डॉक्टर मुलींनी जातीवरून छळ केल्याचा आरोप झाला, त्यांना अटक झाली, पुढे जामीन मिळाला. दोषी कोण, हे न्यायालय ठरवील. पण एक गोष्ट आपण मनावर घ्यावी. आम्ही छळाची गोष्ट वरिष्ठांच्या कानावर घातली होती, असे घरच्यांचे म्हणणे. आणि आमच्याकडे तक्रार आलीच नाही, असे डीनचे म्हणणे. बंधूंनो, तोंडी सांगितलेले असेच हवेत विरते. पायलची आई आबेदा तडवी आणि रोहित वेमुलाची आई राधिका वेमुला या दोघी माता 2019 साली सर्वोच्च न्यायालयात गेल्या, ते दुसऱ्यांच्या लेकरांसाठी.

मग आपण काय करावे? पहिले काम ओळखण्याचे. लेकरू आपणहून सांगत नाही. शाळेच्या वेळेलाच पोट दुखते, वह्या फाटतात, डबा तसाच परत येतो, सुटी संपून होस्टेलला जायची एसटी धरायच्या दिवशी तोंड उतरते. आई विचारते, "काऊन रे, बरं नाही वाटत का?" पोरगं म्हणते, "काही नाही." तिथे थांबू नका. शेजारी बसा, ऐकून घ्या. "तूच काहीतरी केलं असशील" किंवा "जाऊ दे, लक्ष नको देऊ" हे दोन्ही बोल त्याला एकटे पाडतात. "तुझी चूक नाही, आम्ही पाहतो," एवढेच आधी सांगा.

दुसरे काम लिहिण्याचे. काय घडले, कोणत्या तारखेला, कोण होते, कोणी पाहिले, हे वहीत नोंदवा. मोबाइलवरचे संदेश पुसू नका. मुख्याध्यापकांना किंवा प्राचार्यांना लेखी अर्ज द्या आणि नकलेवर पोच घ्या. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात. तिथे आपली माणसे गेली पाहिजेत. कॉलेज आणि होस्टेलसाठी महाराष्ट्राचा रॅगिंगविरोधी कायदा 1999 पासून आहे. तक्रार आल्यावर संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची असते. त्याने कसूर केली तर तोही गुन्ह्याला साथ देणारा ठरतो. गुन्हा शाबीत झाल्यास दोन वर्षांपर्यंत कैद आहे. जातीवरून छळ असेल तर 1989 चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहेच. मुलांसाठी 1098 आणि रॅगिंगसाठी 1800-180-5522 हे फोन क्रमांक घराच्या भिंतीवर लिहून ठेवा. लेकरू जगण्याला कंटाळल्यासारखे बोलू लागले तर त्याला क्षणभरही एकटे सोडू नका, लगेच डॉक्टरांकडे न्या.

तिसरे काम जरा कडू आहे. आपले पोरगे दुसऱ्याला छळत नाही ना, हेही पाहायचे. वस्तीत एखाद्याला काळ्या, लंगड्या, तोतऱ्या म्हणून हाका मारणारी मुले आपलीच असतात. श्रावस्तीजवळ काही मुले काठीने सापाला मारत असल्याचे भगवान बुद्धांनी पाहिले. स्वतःला सुख हवे असणाऱ्याने सुख हवे असणाऱ्या दुसऱ्याला दुखवू नये, असा उपदेश त्यांनी त्या प्रसंगी केला. आपणही पोरांना हाच प्रश्न घालावा : तुला असे केलेले चालेल का?

आमची एक सूचना आहे. रविवारी वंदना झाल्यावर थोडा वेळ या मुलांसाठी ठेवावा. कोणी अर्ज लिहून देईल, कोणी शाळेत सोबत जाईल. एकटा बाप मुख्याध्यापकासमोर उभा राहिला की त्याला वाटेला लावता येते. पाच पालक मिळून गेले की त्यांना खुर्ची मिळते आणि अर्जाला पोच मिळते. लेकरालाही कळते, की आपल्या पाठीशी घर आहे आणि घराच्या पाठीशी विहार आहे.