टिचकीचा भाव आणि हळदीचा भाव
(जवळा बाजार येथील शेतमाल प्रक्रिया गटांसमोरील भाषणाचा मजकूर)



बोलणाऱ्याची अंबाडी विकते आणि न बोलणाऱ्याचे गहूही विकत नाहीत, ही म्हण जवळा बाजारला नव्याने सांगावी लागत नाही. परभणी-हिंगोली मार्गावरील या गावाच्या नावातच बाजार आहे. शेजारच्या वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मात्र पुण्या-मुंबईचा ग्राहक आज इंटरनेटवर शब्द लिहून माल शोधतो. त्याच्यापर्यंत पोचण्याचा एक मार्ग म्हणजे शोधयंत्रावरील जाहिरात. तिचे पैसे ती दिसल्याबद्दल नव्हे, तर ग्राहकाने तिच्यावर टिचकी मारल्याबद्दल, म्हणजेच क्लिक केल्याबद्दल, द्यावे लागतात.

ही पद्धत १९९८ मध्ये अमेरिकेतील गोटू या लहान शोधयंत्राने रूढ केली. गूगलने ती २००२ मध्ये स्वीकारली. तिचे स्वरूप बाजार समितीच्या आवारातील लिलावासारखेच आहे. येथे बोली लागते ती शब्दावर. फरक इतकाच, की केवळ चढ्या बोलीने वरची जागा मिळत नाही. जाहिरात शोधलेल्या शब्दाशी किती सुसंगत आहे, हेही पाहिले जाते.

गूगलखेरीज मायक्रोसॉफ्टचे बिंग आणि डकडकगो ही लहान शोधयंत्रे आहेत. डकडकगोवरील जाहिरातीही मायक्रोसॉफ्टच्याच व्यवस्थेतून येतात. म्हणजे एकाच खात्यातून दोन्हीकडे पोचता येते. तेथे बोली लावणारे कमी असल्याने टिचकीचा दर पुष्कळदा कमी पडतो. मात्र शोधणारेही कमीच असतात.

स्वस्त टिचकी म्हणजे स्वस्त ग्राहक नव्हे, हे येथे ध्यानी घ्यावयास हवे. समजा, मोठ्या शोधयंत्रावर टिचकीस ६ रुपये पडले आणि शंभरांपैकी तिघांनी हळद घेतली, तर एका मागणीमागे २०० रुपये खर्च झाला. लहान शोधयंत्रावर टिचकीस ३ रुपयेच पडले, पण शंभरांत एकानेच माल घेतला, तर तोच खर्च ३०० रुपयांवर जातो. पुडक्यामागे ८० रुपये सुटत असतील, तर एकेक पुडके विकणारा दोन्हीकडे तोट्यात जाईल. पाच पुडक्यांची मागणी आली, तर मात्र दोन्हीकडे नफा उरेल. म्हणून जाहिरातीपूर्वी आपल्या मालावर नेमके काय सुटते, हे वहीत मांडावे.

खर्च आवरण्याचे उपायही आहेत. रोजची खर्चमर्यादा ठरवून द्यावी. माल जेथे पाठविता येतो, तेवढ्याच शहरांत जाहिरात दाखवावी. हळदी समारंभाची सजावट वा हळदीची गाणी शोधणारे लोक ग्राहक नव्हेत. असे शब्द वगळण्याची सोय आहे, तिचा उपयोग करावा. जाहिरात शोधयंत्राबाहेरील भागीदार संकेतस्थळांवरही दिसते. तेथून टिचक्या येतात, पण मागणी येत नाही, असे आढळल्यास ती संकेतस्थळे वगळावीत. खोट्या टिचक्यांचा उपद्रव या व्यवसायाला जुनाच आहे. २००६ मध्ये अशाच तक्रारींच्या दाव्यात गूगलने ९ कोटी डॉलरपर्यंतची तडजोड मान्य केली होती.

बचतगटाची पुंजी ही अनेक घरांच्या काटकसरीतून उभी राहिलेली असते. ती टिचक्यांच्या आकड्यावर भाळून खर्ची पडू नये. प्रथम थोडी रक्कम बाजूला काढून महिनाभर प्रयोग करावा, आलेल्या प्रत्येक मागणीची नोंद ठेवावी आणि हिशेब जुळला तरच पुढचे पाऊल टाकावे. हळद काट्यावर तोलूनच विकली जाते. जाहिरातीलाही तोच काटा लावणे उत्पादकांच्या हिताचे ठरेल.