पाते निवडताना

(सुतारकाम वर्गाच्या पहिल्या दिवशी प्रशिक्षकांनी केलेले भाषण. त्रैमासिकाच्या वाचकांसाठी येथे देत आहोत.)



भावांनो आणि बहिणींनो, आजपासून आपला स्क्रोल सॉचा वर्ग सुरू होत आहे. यंत्र तुमच्यासमोर आहे. ते चालवायचे कसे, हे उद्यापासून शिकू. आज मी फक्त पात्याबद्दल बोलणार आहे. यंत्र एकदाच घ्यायचे असते. पाते मात्र एका दिवसात तीन-चार वेळाही बदलावे लागते, आणि प्रत्येक वेळी कोणते लावायचे हे तुम्हालाच ठरवायचे असते.

आपला मुलूख सागाचा. आलापल्लीच्या सागाचे नाव सगळ्या देशात आहे. मार्च २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिरासाठी बल्लारपूरहून सागवान रवाना झाले, ते तुम्हाला आठवत असेल. मोठ्या दारांना मोठ्या फळ्या लागतात. आरामशीनवर मागे उरतात ते वीतभर तुकडे, आणि त्यातले कितीतरी चुलीत जातात. स्क्रोल सॉ हे त्या वीतभर तुकड्याचे यंत्र आहे. त्यातून मोर निघतो, वाघ निघतो, दारावरची नावाची पाटी निघते. पण तुकडाच लहान असल्यामुळे चुकीला जागा नसते. पाते भरकटले की मोराची मान गेली आणि तुकडाही गेला.

पाते हातात घ्या. साधारण पाच इंच लांब, गवताच्या काडीसारखे. त्याची दोन टोके पाहा. काही पात्यांच्या टोकाला आडवी पिन असते, काहींचे टोक साधे असते. पिनचे पाते बसवायला सोपे, म्हणून नवखा माणूस तेच मागतो. पण जाळीकामात आधी भोक पाडून त्यातून पाते ओवावे लागते. पिन आत जायला साधारण पाच मिलिमीटरचे भोक लागते. मोराच्या पिसातला डोळाच तेवढा असतो! साधे टोक दीड-दोन मिलिमीटरच्या भोकातून जाते. शिवाय साधे पाते हाताच्या फ्रेट सॉलाही बसते. भामरागड, एटापल्लीकडच्या गावांत पावसाळ्यात वीज गेली तरी काम थांबत नाही. म्हणून पुढे कधी स्वतःचे यंत्र घ्याल, तेव्हा ते साधे पाते धरणारे आहे ना, हे दुकानात आधी विचारा.

आता क्रमांक. लहान क्रमांकाचे पाते बारीक आणि त्याला दात जास्त. मोठ्या क्रमांकाचे पाते रुंद आणि दात कमी. पाच क्रमांकाच्या पात्याला इंचात साधारण बारा-तेरा दात असतात, दोन क्रमांकाला वीसच्या आसपास. कंपनीप्रमाणे थोडा फरक पडतो. नियम एकच लक्षात ठेवा: लाकडाच्या जाडीत एका वेळी निदान तीन दात असले पाहिजेत. पाव इंचाच्या फळीत पाच क्रमांकाचे तीन दात बसतात, म्हणजे ते कसेबसे चालते. त्याहून पातळ लाकडात तेच पाते अडकते, फळी थडथडते आणि कपच्या उडतात. उलट बाजूही पाहा. पाऊण इंचाच्या सागात दोन क्रमांकाचे पाते घातले, तर भुसा बाहेर पडायला जागा राहत नाही. पाते तापते, लाकूड काळे पडते आणि पाते तुटते.

म्हणून सुरुवातीला बारा प्रकारच्या पात्यांचा संच घेऊ नका. पाच क्रमांकाची एक डझन घ्या आणि बारीक कामासाठी दोन क्रमांकाची अर्धा डझन. पाचवरच महिनाभर हात बसवा. एक पाते नीट ओळखीचे झाले की दुसऱ्याचा फरक हाताला आपोआप कळतो. एक इंचाच्या आसपासचे जाड, कठीण लाकूड कापायची वेळ येईल तेव्हा सात किंवा नऊ क्रमांक आणू.

दातांची रचनाही पाहून घ्या. एक दात सोडून एक दात असलेले पाते भुसा चांगला बाहेर टाकते. आपल्या सागाला ते योग्य. काही पात्यांचे खालचे थोडे दात उलटे, म्हणजे वर तोंड केलेले असतात. त्यामुळे खालच्या बाजूच्या कपच्या कमी निघतात आणि काचकागद घासायची मेहनत वाचते. प्लायवूडला हेच घ्या. पीळ दिलेले गोल पातेही मिळते. ते चारी दिशांना कापते, पण काप रुंद आणि खरबरीत येतो. नवख्याने ते बाजूला ठेवावे. पाते कोणतेही असो, बसवताना वरच्या दातांचे तोंड खाली हवे. बोट वरून खाली फिरवून पाहा, कळते.

पातळ प्लायवूडसाठी एक युक्ती सांगतो. तीन मिलिमीटरचे चार तुकडे एकावर एक ठेवून चिकटपट्टीने घट्ट बांधा. जाडी बारा मिलिमीटर झाली, पाच क्रमांकाचे पाते चालले, आणि एका कापात चार मोर मिळाले.

सागाच्या लाकडात वाळूसारखा सिलिका हा अंश असतो, बांबूच्या सालीत तर तो असतोच. त्यामुळे या दोन्हींत पाते लवकर बोथट होते. लाकूड जोराने ढकलावे लागले, रेघ सोडून काप जाऊ लागला किंवा जळका वास आला की पाते काढा. बोथट पात्यावर जोर दिला तर ते तुटते आणि हात पुढे सरकतो. पाते स्वस्त आहे, तुकडा महाग आहे आणि बोट त्याहून महाग आहे. सागाचा भुसा नाकाला आणि कातडीला त्रास देतो, म्हणून तोंडाला रुमाल किंवा मास्क हवाच. ओढणी आणि पदर खोचून बसा.

लाकूड कुठले, हेही सांगितले पाहिजे. वनहक्क कायद्याने ग्रामसभेला बांबूचा हक्क दिला. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने २०११ मध्ये तो वापरून दाखवला. इमारती लाकूड मात्र त्या हक्कात येत नाही. म्हणून सागाचा तुकडा आरामशीनवरूनच घ्या आणि पावती जपून ठेवा. सरावासाठी शिवण घ्या. ते मऊ असते, पात्याला सोसते आणि स्वस्तही पडते.

शेवटचे सांगतो. ताडोबा पाहायला मोहर्लीला आलेला पाहुणा तुमचा वाघ हातात घेईल. आदिवासी भावंडांनी केलेला म्हणून तो एकदा घेईल. त्यात दया असेल, आणि दयेवर घर चालत नाही. घरी गेल्यावर त्याने त्या वाघाच्या पोटाखाली बोट फिरवले, तिथे कपची लागली नाही, कान, मिशा, पट्टे सगळे जागच्या जागी दिसले, तर तो दुसऱ्यांदा मागवेल आणि तुम्ही सांगाल ती किंमत देईल. त्या दुसऱ्या मागणीसाठी हा वर्ग आहे.

चला, प्रत्येकाने एकेक पाते उचला आणि दातांवरून हलके बोट फिरवा. तोंड कुठे आहे, ते मला सांगा.