वेगळे बिऱ्हाड, वेगळा जमाखर्च

पतिपत्नींचे विभक्त होणे हा अंतःकरणाचा विषय खराच; परंतु त्याच्या पाठोपाठ जो जमाखर्चाचा प्रश्न उभा राहतो, त्याकडे दुःखाच्या भरात दुर्लक्ष झाले, तर त्याची झळ पुढे कित्येक वर्षे सोसावी लागते. संयुक्त खात्यातून कोणाही एकाच्या सहीने पैसे निघत असतील, तर दोघांच्या सहीशिवाय रक्कम देऊ नये असा लेखी अर्ज बँकेत विनाविलंब गुदरावा. गृहकर्जाचे प्रकरण याहून बिकट. घर सोडले म्हणून सहकर्जदाराची जबाबदारी सुटत नाही, आणि आपसांतला करारनामा बँकेवर बंधनकारक नसतो, हे पुष्कळांना वसुलीची नोटीस हाती पडल्यावरच उमगते.

सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० सालच्या ‘रजनेश विरुद्ध नेहा’ या निकालान्वये पोटगीच्या दाव्यात उभयतांना मालमत्तेचे व देण्यांचे प्रतिज्ञापत्र दाखल करावे लागते, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून मिळते. सबब वाण्याचे बिल, मुलांच्या फीच्या पावत्या, औषधांच्या चिठ्ठ्या तारीखवार लावून ठेवाव्यात.

नव्या बिऱ्हाडाला आरंभी शेगडी, चार भांडी आणि कुलपाचे एक कपाट पुरते. हप्त्याने सोफा घेण्याची घाई मला तरी अनाठायी वाटते. भाडेकरार मात्र लेखी व नोंदणीकृत असावा. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमाने नोंदणीची जबाबदारी घरमालकावर टाकली आहे. विमा आणि भविष्यनिर्वाह निधी यांवर नामनिर्देशन कोणाचे आहे, तेवढे याच आठवड्यात पाहून घ्यावे.