नव्या पाटीवरचे स्वरलेखन



गोमंतकातील देवालये नोंदींच्या बाबतीत कधी गाफील राहिली नाहीत. 1933 सालच्या माझानी कायद्याने तर हिशेब आणि महाजनांची यादी नीट राखण्याचे वळणच लावून दिले. उत्सवाचा क्रम, पालखीची वाट, सेवेकऱ्यांचे मान यांविषयी मतभेद झाला की जुनी वही काढून पाहता येते. पालखीबरोबर म्हटल्या जाणाऱ्या पदांचे शब्दही बहुधा एखाद्या बाडात सापडतात. त्या पदांची चाल मात्र बहुतेक ठिकाणी कोणत्याच वहीत नसते. ती दोनचार वृद्धांच्या गळ्यात असते. आणि त्यांच्यापैकी एकजण गेला की चालीचा एखादा आडवळणाचा तुकडा त्याच्याबरोबर जातो. शब्द राहतात, आणि पुढची पिढी ते एखाद्या प्रचलित चालीत बसवून म्हणू लागते. हा बदल इतक्या बेमालूमपणे घडतो की तो झाल्याचे कोणाच्या ध्यानातही येत नाही.

टॅब्लेट नावाची जी पाटीएवढी यंत्रे आता घरोघरी आली आहेत, त्यांच्यावर स्वर लिहिता येतात, लिहिलेले वाजवून ऐकता येते आणि छापूनही घेता येते. देवालयाच्या गायनाच्या कामी हे साधन किती येईल आणि कोठे फसवील, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

स्वरलेखन ही गोष्ट गोमंतकाला नवीन नाही. ती देवालयाच्या वाट्याला आली नाही, एवढेच. येथील चर्चच्या शाळांतून मुलांना पाश्चात्त्य स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवण्याची परंपरा जुनी आहे. त्या शाळांनी घडवलेले वादक पुढे मुंबईच्या चित्रपटसृष्टीत गेले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांची वाद्यरचना करणारे सेबॅस्टियन डिसोझा, आणि असे कितीतरी. संगीतकाराने पेटीवर गुणगुणलेली चाल ते पाच रेघांवर उतरवीत आणि ती कागदे समोर ठेवून पन्नास वादक एका दमात वाजवीत. त्याच गोमंतकातील देवालयांशी निगडित घराण्यांतून केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर, दीनानाथ मंगेशकर असे थोर कलावंत निपजले. त्यांची विद्या मात्र गळ्याकडून गळ्याकडे गेली. एकाच भूमीत, हाकेच्या अंतरावर, संगीत जतन करण्याच्या या दोन रीती शतकानुशतके शेजारी नांदल्या.

हिंदुस्थानी संगीताला लिपी देण्याचा उद्योग मराठी मुलखात आणि मराठी संस्थानांत विशेष झाला, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. बडोद्यात मौलाबक्षांनी एकोणिसाव्या शतकातच गायनशाळा चालवून स्वरलिपीची पुस्तके काढली. कुरुंदवाडचे विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी 1901 साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापिले आणि आपली स्वतंत्र लिपी प्रचारात आणली. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी ठिकठिकाणच्या उस्तादांकडून चिजा मिळवून त्या क्रमिक पुस्तकमालिकेच्या सहा भागांत प्रसिद्ध केल्या. आज सबंध उत्तर हिंदुस्थानात जी पुस्तके हिंदीतून अभ्यासली जातात, ती मुळात मराठीत लिहिली गेली होती. 1916 साली बडोद्यास भरलेली संगीत परिषद आणि 1918 साली ग्वाल्हेरीस निघालेले माधव संगीत महाविद्यालय यांच्यामागेही भातखंड्यांचीच प्रेरणा होती.

भातखंड्यांच्या लिपीचे मर्म तिच्या साधेपणात आहे. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ. मंद्र सप्तकाला खाली टिंब, तार सप्तकाला वर टिंब. समेला फुली, खालीला शून्य. एका मात्रेत अनेक स्वर आले तर त्यांच्याखाली चंद्रकोर. कंसात घातलेला स्वर म्हणजे त्याच्या आजूबाजूच्या स्वरांसह घेतलेली छोटी गिरकी. (प) असे लिहिले की गायकाने धपमप असे घ्यावयाचे.

आता यातील एक योगायोग पाहण्यासारखा आहे. ऋग्वेदाच्या छापील संहितेत अनुदात्ताखाली आडवी रेघ असते आणि स्वरितावर उभी. संगणकाच्या जागतिक संकेतव्यवस्थेत, म्हणजे युनिकोडमध्ये, देवनागरीबरोबर ही दोन्ही वैदिक चिन्हे समाविष्ट झालेली आहेत. त्यामुळे रे॒ ग॒ म॑ ध॒ असे कोमल-तीव्र स्वर कोणत्याही खास सॉफ्टवेअरवाचून, साध्या मजकुरात लिहिता येतात. वेदपाठ्यांसाठी केलेली सोय भजनी मंडळींच्या उपयोगी पडते. तार षड्जासाठी सां आणि मंद्र पंचमासाठी प़ असे, अनुस्वार आणि नुक्ता वापरून लिहिण्याची रीतही रूढ झाली आहे. एक अडचण मात्र राहते. मंद्र सप्तकातील कोमल धैवताला रेघ आणि टिंब दोन्ही खालीच द्यावी लागतात, आणि पुष्कळशा टंकांत ती एकमेकांवर चढून गिचमीड होते. तेवढ्यापुरते चांगला टंक निवडून, छापून, भिंगाखाली पाहून घ्यावे लागते.

याउलट ज्यांची जाहिरात फार होते ती टॅब्लेटवरची संगीतलेखनाची सॉफ्टवेअरे जवळजवळ सर्व पाश्चात्त्य पाच रेघांसाठी घडलेली आहेत. 2015 साली आलेल्या आणि 2020 पासून आयपॅडवर मिळू लागलेल्या स्टाफपॅडमध्ये लेखणीने हाताने स्वर लिहिले की यंत्र ते ओळखून छापील वळणाचे करून देते. सिबेलियस आणि डोरिको ही मातब्बर सॉफ्टवेअरेही 2021 साली आयपॅडवर आली. त्यांची कारागिरी खरोखर थक्क करणारी आहे. ज्याला पाश्चात्त्य लिपी अवगत आहे त्याने ती जरूर वापरावीत. परंतु पालखीचे पद त्यांच्या स्वाधीन करण्यापूर्वी त्यांचे दोन स्वभाव ओळखून घेणे इष्ट आहे.

पहिला स्वभाव असा की या सॉफ्टवेअरांना प्रत्येक खण भरलेला लागतो. चार मात्रांचा खण म्हटला की चारच मात्रा. साडेतीन झाल्या तर यंत्र उरलेल्या अर्ध्या मात्रेत आपण होऊन विश्रांतीचे चिन्ह घालते किंवा चूक दाखवते. आता पद सुरू होण्यापूर्वी बुवा जो आळवणीचा सूर लावतात, किंवा पालखी वळणावर थबकली असता शेवटचा शब्द जितका लांबवतात, त्याला मात्रांचे माप नसतेच. ते माप पालखी वाहणाऱ्यांच्या पावलांवर आणि बुवांच्या दमावर अवलंबून असते. खण भरण्याच्या नादात लिहिणारा तेथे माप कल्पून घालतो, आणि ते एकदा सुबक छापले गेले की पुढच्या मुलांच्या दृष्टीने तेच खरे ठरते. अशा जागी सरळ शब्दांत 'येथे मुक्त आलाप' असे लिहून मोकळे व्हावे.

दुसरा स्वभाव अधिक घातक आहे, कारण तो कानाला गोड लागतो. लिहिलेले वाजवून दाखविताना यंत्र साधारणतः सप्तकाचे बारा सारखे भाग करते. दोन शेजारच्या स्वरांतील अंतर सर्वत्र सारखेच, पेटीच्या पट्ट्यांप्रमाणे. भैरवातील आंदोलित कोमल रिषभ तेथे एक ताठ, स्थिर सूर होऊन वाजतो. मीडेची कमान लिहिली तरी दोन स्वरांमधला प्रवास यंत्राला बहुधा ठाऊक नसतो. वृद्ध गायकाच्या थरथरत्या आवाजापेक्षा हा स्वच्छ सूर मुलांना अधिक 'बरोबर' वाटतो, आणि बुवा सुरात नाहीत असा विपरीत निर्णय होतो. पेटी देवालयात आली तेव्हाही हीच तक्रार झाली होती, असे कोणी म्हणेल. ते खरे आहे. पण पेटीवाला निदान बुवांच्या तोंडाकडे पाहून वाजवीत असे.

म्हणून लिपी आणि ध्वनिमुद्रण ही जोडीनेच हवीत. 1977 साली व्हॉयेजर यानांतून अंतराळात जी तबकडी पाठविली गेली, तिच्यावर केरीच्या केसरबाईंची भैरवी आहे. त्याच तबकडीत एका चित्रात व्हायोलिनच्या जोडीला बीथोव्हनच्या रचनेचे लिखित पानही दाखविलेले आहे. पाश्चात्त्य संगीत तेथे नाद आणि लेखन अशा दोन्ही रूपांनी गेले. केसरबाईंचे गाणे नादरूपानेच गेले. कोणत्याही लिपीत न मावणारा भाग त्या गाण्यात फार मोठा आहे. लिपी सांगाडा राखते, ध्वनिमुद्रण त्यावरचे रक्तमांस. नुसते ध्वनिमुद्रण ठेवले तर शिकणाऱ्याला ठेका कोठून धरावा ते कळत नाही. नुसती लिपी ठेवली तर गाणे परके वाटते.

स्वरपट्टीचा प्रश्न देवनागरी लिपीत उद्भवतच नाही. बुवा काळी एकमध्ये गावोत की भगिनींचे मंडळ काळी चारमध्ये, सा तो सा. पाश्चात्त्य लिपीत तेच पद काळी एकसाठी पाच कोमल चिन्हे देऊन मांडावे लागेल. सॉफ्टवेअर हे रूपांतर क्षणात करते हे खरे, पण जी अडचण आपल्या लिपीत नाहीच तिच्यावरचा उपाय विकत का घ्यावा?

घुमटाचे प्रकरण निराळे आहे. 2019 साली गोवा शासनाने घुमटाला राज्याचे वारसा वाद्य म्हणून मान्यता दिली. या मातीच्या वाद्यावर एका हाताने चामड्यावर थाप पडत असते आणि दुसरा हात मागचे तोंड उघडमीट करीत नाद वरखाली करतो. या दुसऱ्या हाताच्या कामासाठी कोणत्याही प्रचलित लिपीत चिन्ह नाही, आणि आरतीतली सारी गंमत तर तेथेच आहे. प्रत्येक मंडळाने आपल्या वादकाला विचारून उघड्या आणि मिटलेल्या तोंडासाठी दोन चिन्हे ठरवावीत आणि पहिल्याच पानावर त्यांचा खुलासा द्यावा. समेळ आणि कांसाळे यांच्या ओळी त्याखाली. हे काम वादकाशेजारी बसूनच करावे लागते.

आता जपणुकीचा व्यावहारिक भाग. फिनाले नावाचे सॉफ्टवेअर 1988 पासून जगभरच्या संगीतकारांनी वापरले. 2024 च्या ऑगस्टमध्ये त्याच्या निर्मात्यांनी त्याचा पुढील विकास थांबवल्याचे जाहीर केले. ज्यांची पस्तीस वर्षांची लेखने त्या एका सॉफ्टवेअरच्या खास स्वरूपात होती, त्यांना ती दुसरीकडे हलविण्याच्या खटाटोपास लागावे लागले. अनेकांची सुटका झाली ती म्युझिकएक्सएमएल या खुल्या स्वरूपामुळे. निरनिराळ्या सॉफ्टवेअरांना परस्परांचे लेखन वाचता यावे म्हणून 2004 साली ते निघाले होते. देवालयाचा हिशेब पस्तीस वर्षांचा नसतो. तेथील घंटेवर कोरलेले नाव दोनशे वर्षांनीही वाचता येते. म्हणून पाश्चात्त्य लिपीत लिहिले तर खुल्या स्वरूपातील प्रत, देवनागरीत लिहिले तर साध्या युनिकोड मजकुराची प्रत, दोन्हींची पीडीएफ, आणि या सर्वांवर कडी म्हणून चांगल्या कागदावर छापून बांधलेली एक वही देवालयाच्या कपाटात असावी. एका उत्साही तरुणाच्या टॅब्लेटमध्येच सारा संग्रह राहू देऊ नये. तो उद्या नोकरीनिमित्त परदेशी जातो, आणि त्याच्या खात्याचा परवलीचा शब्द महाजनांपैकी कोणालाच ठाऊक नसतो.

सभामंडपात टॅब्लेटचा उपयोग वाचनासाठी होतो तो निःसंशय चांगला. अंधुक उजेडात अक्षर मोठे करता येते, चष्म्याची खटपट वाचते. पाने उलटण्यासाठी पायाने दाबायचे पेडल मिळते, पण ते खुर्चीवर बसणाऱ्यांसाठी. मांडी घालून बसलेल्या पेटीवाल्याचा एक हात भात्यावर आणि दुसरा पट्ट्यांवर असता त्याने पाय कोठून आणावा? काही सॉफ्टवेअरांत मान किंचित वळवली की पान उलटते. भजनात रंगून मान डोलावणाऱ्याने मात्र त्यापासून सावध राहावे.

शेवटचा मुद्दा नाजूक आहे, आणि तो टाळण्याची प्रथा आहे म्हणूनच येथे मांडणे अवश्य. देवालय महाजनांचे असले तरी चाली जपल्या त्या बहुतांशी महाजनेतरांनी. कलावंत घराण्यांनी, वाजंत्र्यांनी, गावच्या भजनी बुवांनी. वहीत देणगीदाराचे नाव असते, कारभाऱ्याचे असते. ज्याच्या गळ्यातून चाल घेतली त्याचे बहुधा नसते. नव्या लेखनात प्रत्येक पदाच्या शिरावर गाणाऱ्याचे नाव, गाव, त्याला ती चाल कोणाकडून मिळाली ते, आणि लेखनाची तारीख असावी. ध्वनिमुद्रणापूर्वी त्याची संमती घ्यावी, आणि छापील वहीची पहिली प्रत त्याच्या घरी पोचवावी.

दोन वृद्ध एकाच पदाच्या चालीबद्दल भांडतील, हे तर ठरलेलेच. एकाचा अंतरा मध्यमावरून उठेल, दुसऱ्याचा पंचमावरून. त्या वेळी समिती नेमून निर्णय करण्याच्या भरीस पडू नये. दोन्ही चाली दोन पानांवर, दोघांच्या नावांनिशी लिहाव्यात, आणि येत्या पालखीला कोणती म्हणावयाची ते त्या दोघांवरच सोपवावे.