दुष्काळाचे वर्ष आणि आपली वही



मी धंद्याने होमिओपॅथीचा डॉक्टर. पांढऱ्या गोळ्या देणाऱ्या माणसाला साहित्यिकांच्या व्यासपीठावर उभे केलेत, हा आपला मोठेपणा. विषय मात्र मी माझ्या दवाखान्यातूनच आणला आहे : कोरडे वर्ष आणि धान्य पिकवणारा माणूस. आपल्या बुऱ्हाणपूरचा या विषयाशी जवळजवळ चारशे वर्षांचा संबंध आहे.

बाहेरगावचा पाहुणा आला की आपण त्याला शाही किल्ला दाखवतो, तापीपलीकडचा आहुखाना दाखवतो आणि १७ जून १६३१ रोजी मुमताज महल इथे वारली, हे सांगतो. त्याच दिवसांत या शहराभोवती काय चालले होते, ते आपण सांगत नाही. १६३० साली पाऊस आला नाही. पुढच्या वर्षी तो इतका कोसळला की उरलेसुरले पीकही गेले. गुजरात आणि दख्खन यांत लाखो माणसे मेली. पीटर मंडी नावाचा एक इंग्रज १६३०च्या अखेरीस सुरतेहून बुऱ्हाणपूरला आला. वाटेवरची प्रेते आणि ओस पडलेली गावे त्याने लिहून ठेवली आहेत.

आता एक गोष्ट ध्यानात घ्या. या शहराला तेव्हा पाण्याची सोय होती. खानखानान अब्दुल रहीम यांच्या काळात, १६१५च्या सुमारास, सातपुड्यातून झिरपणारे पाणी जमिनीखालच्या बोगद्यांतून आणणारा कुंडी भंडारा तयार झाला होता. पण कुंडीतले पाणी शहराची तहान भागवते, त्यावर खेड्यातली ज्वारी पिकत नाही. शिवाय शहाजहानची छावणी इथेच होती आणि बाहेरून येणारे धान्य आधी लष्कराकडे जाई. बादशहाने लंगर उघडले. दर सोमवारी पाच हजार रुपये, असे वीस सोमवार वाटले. साऱ्यात सुमारे सत्तर लाखांची सूट दिली. दरबारी बखरकाराने त्याचे कौतुक केले आहे. ही सूट साधारण अकराव्या हिश्श्याची होती. म्हणजे शेत कोरडे असताना दहा हिस्से मागणी कायमच होती. दान मोठे होते, पण वही बंद झाली नव्हती.

त्याच दुष्काळात इंद्रायणीकाठी तुकोबांचे घर बसले. पहिली पत्नी गेली, मुलगा गेला. त्यांच्या घरी सावकारी होती. परंपरा सांगते की त्यांनी कर्जखतांची वाटणी केली, भावाचा हिस्सा भावाला दिला आणि आपल्या वाट्याची खते नदीत बुडवली. मी व्यापाऱ्याच्या घरातला जैन, म्हणून मला त्या प्रसंगात वैराग्याइतकाच व्यवहारही दिसतो. भावाचे त्यांनी बुडवले नाही. स्वतःचे मात्र सोडले, आणि तेही कोणी मागायच्या आधी. आधी सोडले नाही तर काय होते, ते १८७५ साली पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला दिसले. कापसाचे भाव पडले होते, सारा वाढला होता. शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या काढून जाळल्या. मग १८७९ साली सरकारला कायदा करावा लागला.

आमच्या घरी धान्याचे दुकान होते. १९७२ साली मी शाळेत होतो. पलीकडे महाराष्ट्रात खडी फोडणाऱ्या बायाबापड्यांची आणि सुकडीची चर्चा घरात चाले. आमच्या कोठीत ज्वारी होती आणि भाव चढायची वाट पाहिली जात होती. घरात रोज सामायिक होई, पर्युषणात उपवास होत, सगळ्यांची क्षमा मागितली जाई. त्याच घरात जगडूशाहची गोष्टही सांगत. तेराव्या शतकात तीन वर्षांच्या दुष्काळात आपली कोठारे उघडणारा कच्छचा तो जैन व्यापारी. मंगळवेढ्याचे दामाजीपंत तर आपल्या सर्वांचेच. गोष्टी ऐकल्या, कोठी मात्र भाव आल्यावर उघडली. आजोबांना मी दोष देत नाही. कारण तीच चूक मी पुढे केली.

२०२३चा ऑगस्ट आठवा. देशात १९०१पासूनच्या नोंदींत इतका कोरडा ऑगस्ट नव्हता. आपल्याकडे आता ज्वारी कमी आणि मका जास्त. ज्वारी ताण पडला की थांबते, पाऊस आला की पुन्हा उठते, आणि दाणा थोडा आला तरी कडबा देते. मका तसा नाही. तुरा येण्याच्या दिवसांत पाणी तुटले की कणसात दाणा भरत नाही. केळीवाल्याकडे निदान विहीर असते, कोरडवाहू मक्यावाल्याकडे फक्त आभाळ असते.

माझी थोडी जमीन आहे, ती मी ठोक्याने देतो. पैसे आगाऊ. त्या वर्षी करणारा माणूस दवाखान्यात आला. झोप नाही, छातीत धडधड. मी लक्षणे लिहून घेतली, औषध दिले. तीनदा आला. चौथ्यांदा त्याची बायको एकटी आली आणि म्हणाली, “डॉक्टरसाहेब, गोळ्या बदलू नका. तुमच्या ठोक्याचे पैसे व्याजाने काढले आहेत, ते रात्रभर ओट्यावर बसून असतात.” रोगाचे कारण माझ्याच खिशात होते आणि मी त्याची जीभ तपासत होतो.

हिशेब साधा आहे. सोसायटीचे पीककर्ज वेळेत फेडले तर त्याला व्याज लागत नाही, पण ते बहुधा ज्याच्या नावावर जमीन त्याला मिळते. पीकविम्यात खरिपाच्या धान्याला शेतकऱ्याचा हप्ता दोन टक्के. ठोक्याने करणाऱ्यालाही विमा घेता येतो, पण त्याला कागद लागतो आणि आपण कागद करून देत नाही. नुकसानभरपाई आली तर तीही मालकाच्या खात्यात. म्हणजे पाऊस गेला की तोटा करणाऱ्याचा, आणि भरपाई आपली!

या सभागृहात पिढ्यान्‌पिढ्यांची मराठी घराणी बसली आहेत. नोकरीने, वकिलीने आपण शहरात आलो, तरी कित्येकांची शेते अजून बटाईने किंवा ठोक्याने आहेत. म्हणून तीन गोष्टी मागतो. ठोका अर्धा आधी आणि अर्धा पीक निघाल्यावर घ्या. पटवाऱ्याने नुकसान लिहिले तर तेवढ्या प्रमाणात दुसरा अर्धा सोडा. विम्याला लागणारा कागद करून द्या, आणि तुमच्या खात्यात आलेली भरपाई ज्याचे बियाणे गेले त्याला द्या. मी त्या वर्षी अर्धे पैसे परत केले. हे दान नव्हे, उशिरा दुरुस्त केलेला हिशेब आहे. तो माणूस आजही माझे शेत करतो. झोपेच्या तक्रारीसाठी पुन्हा आला नाही.

डॉक्टर म्हणून एक जोडतो. कोणी रात्र रात्र जागा असेल, बोलणे सोडले असेल, मरणाची भाषा करत असेल, तर त्याला एकटे सोडू नका, घरातले कीटकनाशक हलवा आणि सरळ जिल्हा रुग्णालयात न्या. १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक आहे, तिथे फुकट बोलता येते. अशा वेळी माझ्या गोळ्यांच्या भरवशावर राहू नका.

आमच्यात दिवाळीला वहीपूजन होते. नव्या वहीवर कुंकवाने श्री काढतो. या वर्षी पूजेआधी जुनी वही एकदा उघडून बघा. कोरड्या वर्षाचे पूर्ण येणे लिहिलेले एखादे नाव तुमच्याही वहीत असेल. ते नाव शोधा, त्या घरी जा, आणि तो बोलायच्या आधी आपण बोला.